न्यू जर्सीत गजबज नसलेला बीच आहे का? आईबाबांना न्यायचंय

गुहागरची_लेक:
आईबाबा गुहागरहून आलेत, सप्टेंबरअखेरपर्यंत आहेत. मागच्या रविवारी एका बोर्डवॉकवाल्या (लाकडी फळ्यांचा रस्ता असलेल्या) बीचवर नेलं तर तिथे पाळणे, स्पीकर, पिझ्झाच्या रांगा, बाबा म्हणाले अगं यात समुद्र कुठाय. त्यांना नुसती वाळू आणि लाटा हव्यात. एडिसनहून दीडेक तासात काही आहे का? आईचे गुडघे दुखतात.

खाडीपलीकडे:
आयलंड बीच स्टेट पार्क, डोळे झाकून जा. गार्डन स्टेट पार्कवे या हायवेची 82 नंबरची एक्झिट, मग रूट 37 ने पूर्वेला, पूल ओलांडला की रूट 35 ने दक्षिणेला. साधारण 10 मैल वाळूची अरुंद पट्टी, एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे बार्नेगॅट बे ही खाडी, मधे ना हॉटेलं ना बंगल्यांच्या रांगा. ही जागा वाचली कशी माहितीये, 1926 मध्ये हेन्री फिप्स नावाच्या स्टीलवाल्या उद्योगपतीने इथे रिसॉर्ट काढायचं म्हणून घेतली होती, पण 1929 ला शेअर बाजार कोसळला आणि ते राहून गेलं. 1953 मध्ये राज्य सरकारने विकत घेतली, 1959 ला लोकांसाठी उघडली. मला तर दर वेळी तिथे उतरल्यावर त्या राहून गेलेल्या रिसॉर्टबद्दल बरंच वाटतं.

सकाळचा_चहा:
उन्हाळ्यात शनिवार-रविवारी पार्किंग भरलं की गेट बंद करतात, एकदा आम्ही अकराला पोचलो आणि तसेच परत आलो, म्हणून आठच्या आत पोचा नाहीतर सरळ मधल्या वारी जा. पाण्यात उतरायचं असेल तर लाइफगार्ड असतील तिथेच उतरा, ओढ जबरदस्त असते आणि पाणी कोकणासारखं कोमट नाही, जूनमध्ये पायाला कळ येते. अजून एक, पश्चिमेचा वारा असेल तर खाडीकडून हिरव्या डोळ्यांच्या माश्या येतात, चावल्या की गांधी उठतात, तर वाऱ्याची दिशा बघूनच निघा. आईंसाठी फोल्डिंग खुर्ची घ्या, मऊ वाळूत पाय रुततात.

खाडीपलीकडे:
हो, आणि वाळूच्या टेकड्यांवरून कृपा करून चालू नका, आखलेल्या वाटेनेच जा. आपल्याकडे मर्यादवेल वाळू धरून ठेवते ना, तसं इथे ते उंच गवत धरतं, तुडवलं की मरतं. लाल कोल्हे दिसतील, अगदी गाडीजवळ येऊन बसतात, पण खायला काही देऊ नका. लोकांनी दिलं म्हणूनच ते रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. फार वाईट वाटतं बघून.

गुहागरची_लेक:
सगळ्यांना खूप खूप थँक्स! काल मंगळवारी जाऊन आलो. पहाटेच निघालो, गेट उघडल्याबरोबर आत. बाबा बघतच राहिले, म्हणाले आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो. संध्याकाळी खाडीच्या बाजूला गेलो तर तिकडे मावळताना पण दिसला. खांबावरच्या घरट्यात ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) होता, मासा पंजात लांबट धरून आला. आई खुर्ची सोडून अनवाणी ओल्या वाळूवर चालली, तिथे घट्ट असते म्हणून गुडघ्यांना त्रास नाही झाला. पुढच्या मंगळवारी पुन्हा जायचं म्हणतेय, थालीपीठं करून.