शब्दचर्चा : पोपचा ‘बुल’ म्हणजे फतवा, फर्मान की सनद?

प्रश्न : पोप निकोलस पाचवा (कारकीर्द १४४७–१४५५) याच्याविषयीच्या मजकुरात ‘पेपल बुल’ (पोपचं मुद्रा लावलेलं अधिकृत पत्र) सारखा येतो. मराठीत काय लिहावं?

उत्तर : ‘फतवा’ तर नकोच. फतवा म्हणजे मुफ्तीने, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकाराने, दिलेलं मत. बुलने हक्क मिळतात, हुकूम सुटतात. लॅटिन ‘बुल्ला’ म्हणजे पत्राला दोरीने लटकवलेली शिशाची गोल मुद्रा. एका अंगाला संत पॉल आणि पीटर यांचे चेहरे, दुसऱ्या अंगाला पोपचं नाव. मुद्रेवरून पत्रालाच बुल म्हणू लागले. दोरीवरून प्रकार कळे : हक्क किंवा सवलत दिली असेल तर लाल-पिवळं रेशीम, नुसता हुकूम असेल तर सुतळी. म्हणून रेशमाच्या बुलला ‘सनद’, सुतळीच्या बुलला ‘आज्ञापत्र’ म्हणावं.

आणखी एक : ‘सनद’ म्हणा, पण मजकूर सौम्य करू नका. निकोलसच्या ‘दुम दिव्हेर्सास’ या बुलने (१८ जून १४५२) पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सोला मुसलमान आणि इतर बिगरख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचं गुलाम करण्याची मुभा दिली. त्याच्याच ‘रोमानुस पोंटिफेक्स’ या बुलने तीच मुभा पक्की केली आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बोजादोर भूशिराच्या पुढच्या दर्यावर्दी व्यापाराची मक्तेदारीही दिली. व्हॅटिकन ग्रंथालयाचा पाया घालणारा पोप तो हाच. त्याच्यावर लिहिताना दोन्ही गोष्टी यायला हव्यात. जिंकलेल्या मुलखात चर्च बांधण्याचा, पाद्री पाठवण्याचा पोर्तुगीज राजाचा अधिकार, म्हणजे ‘पाद्रोआदो’, याच सनदांमधून वाढला. गोव्याचा धर्मप्रांत त्याच व्यवस्थेत आला. तो १५३४ मध्ये पोप तिसऱ्या पॉलच्या बुलने स्थापन झाला.

तारखेबद्दल : ‘रोमानुस पोंटिफेक्स’वर साल १४५४ आहे, पुस्तकांत ८ जानेवारी १४५५. दोन्ही बरोबर. बुलवरच्या त्या कालगणनेत नवं वर्ष २५ मार्चला लागे, त्यामुळे जानेवारी आदल्या सालात मोजला जाई. पडताळा बुलमध्येच आहे : ‘कारकिर्दीचं आठवं वर्ष’. हे वर्ष राज्याभिषेकापासून, म्हणजे १९ मार्च १४४७ पासून मोजतात. जानेवारी १४५४ धरला तर सातवंच भरतं.

शीर्षकाबद्दल : बुलची नावं म्हणजे मजकुराचे पहिले शब्द. ‘रोमानुस पोंटिफेक्स’चं ‘रोमचा धर्मगुरू’ केलंत, तर वाचकाला मूळ दस्तऐवज शोधता येणार नाही. नाव तसंच ठेवा, पुढे ‘ही सनद’ जोडा. आणि ‘ब्रीफ’, म्हणजे पोपचं साधं पत्र, वेगळं : त्यावर लाल मेणात मच्छीमाराच्या अंगठीचा, म्हणजे पोपच्या मुद्रेच्या अंगठीचा, ठसा असे, शिसं नसे. त्याला नुसतं ‘पत्र’ म्हटलं तरी चालतं.