मदत हवी आहे : वडिलांचा सीपॅपचा मास्क रात्री दीडनंतर टिकत नाही, बायपॅप घ्यावे का?

नमस्कार.

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. तीस वर्षे कोइमतूरला गलाईचा (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा) व्यवसाय करून ते गावी परतले आणि आता आम्ही विट्याजवळ मळ्यातल्या वस्तीवर राहतो. त्यांच्या घोरण्याकडे घरात कोणी कधी गांभीर्याने पाहिले नाही. नानांच्या घोरण्यामुळे वस्तीवर चोर फिरकत नाहीत, असा विनोदच होत असे. आई मात्र दोन वर्षांपासून सांगत होती की घोरणे मध्येच थांबते, छाती हलत राहते पण श्वास येत नाही, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज होऊन पुन्हा सुरू होते. दिवाळीनंतर भिवघाटाकडून येताना दुचाकीवरच त्यांचा डोळा लागला आणि गाडी रस्त्याकडेच्या चरीत गेली. खरचटण्यावर निभावले, परंतु त्यानंतर आम्ही मिरजेला जाऊन रात्रभराची स्लीप स्टडी करून घेतली.

अहवालात एएचआय ४२ आला, म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी ४२ वेळा श्वास पूर्ण अडतो किंवा अपुरा पडतो. ३० च्या पुढे गेल्यास हा आजार, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र समजतात. रक्तातील ऑक्सिजन एका वेळी ७६ टक्क्यांपर्यंत उतरला होता. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू असूनही दाब आटोक्यात का येत नाही, याचा उलगडाही डॉक्टरांनी तेव्हाच केला. त्यांनी ८ ते १४ दाबाचे ऑटो सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे आणि गरजेनुसार दाब स्वतः बदलणारे मशीन, लिहून दिले आणि नाकावरचा मास्क सुचवला. मशीन येऊन आज २४ रात्री झाल्या.

अडचण अशी आहे की वडील दहा वाजता मास्क लावून झोपतात, सुरुवातीला "हवा पुरत नाही" अशी तक्रार करतात, मग झोप लागते, आणि दीड-दोनच्या सुमारास आई पाहते तेव्हा मास्क उशीखाली असतो. आपण तो कधी काढला, हे त्यांना सकाळी अजिबात आठवत नाही. मशीनमधील नोंदीनुसार सरासरी वापर ३ तास १० मिनिटे आहे. त्याच नोंदीत एएचआय मात्र ३.८ दिसतो. मशीन देणाऱ्या विक्रेत्याचे म्हणणे असे की आकडा पाचच्या आत आहे, म्हणजे उपचार लागू पडला आहे. यांना केवळ सवय होत नाही, तेव्हा बायपॅप हे दुसऱ्या प्रकारचे मशीन घ्या. त्याची किंमत बरीच जास्त आहे. इकडे वडील सकाळी दहा वाजता वर्तमानपत्र हातात धरूनच पेंगतात. आकडा एवढा चांगला असेल तर ही झोप कुठून येते, हे मला समजत नाही.

मला स्वतःला दोन शंका आहेत. पहिली म्हणजे त्यांच्या मिशा. त्या भरघोस आहेत, त्यांवर मास्कची कड नीट बसत नाही आणि हवा सूं सूं करत डोळ्यांकडे जाते. मिशा काढण्याचा विषय आईने एकदाच काढला आणि पुन्हा काढणार नाही. दुसरी शंका विजेची आहे. वस्तीवर रात्री वीज जाते, आमचा इन्व्हर्टर जुना आहे आणि त्यावर मशीन लावण्याचे धाडस आम्ही केलेले नाही.

डॉक्टरांकडे दोन आठवड्यांनी जायचे आहे. ज्यांच्या घरी हे मशीन आहे, त्यांनी दोन-तीन तासांवरून पूर्ण रात्रीपर्यंतचा टप्पा कसा गाठला, आणि बायपॅपचा सल्ला कितपत योग्य आहे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद (सातारा) :

मी सात वर्षे सीपॅप वापरतो. डॉक्टर नाही, त्यामुळे हे अनुभवाचे बोल समजावेत.

तुमच्या कोड्याचे उत्तर त्या आकड्यातच आहे. मशीन फक्त मास्क लावलेल्या वेळातले श्वास मोजते. ३.८ हा त्या तीन तासांचा हिशेब आहे. दीडनंतर काय घडते याची त्याला काहीच कल्पना नसते. त्यातही स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते, त्या अवस्थेत घशाचे स्नायू अधिक सैल पडतात आणि अनेकांचे श्वास तेव्हाच जास्त अडतात. म्हणजे सर्वाधिक गरजेच्या वेळी वडील विनामास्क झोपलेले असतात.

बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असा दोन पातळ्यांचा दाब देते. फार मोठा दाब सहन होत नसेल किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, अशा रुग्णांना ते लिहून देतात. झोपेत मास्क निघतो एवढ्या कारणाने ते घेऊ नये. निदान विक्रेत्याच्या शब्दावर तर नकोच.

"हवा पुरत नाही" या तक्रारीवरून मला वेगळीच शंका येते. ही मशीने कारखान्यातून बहुधा ४ ते २० अशा पूर्ण कक्षेवर येतात. चार हा दाब मोठ्या माणसाला सुरुवातीला गुदमरवणारा वाटतो, आणि नंतर श्वास अडू लागला की मशीन मागून धावत दाब वाढवते, त्या झटक्यात गळती वाढून झोप चाळवते. चिठ्ठीतील ८ ते १४ प्रत्यक्षात लावले आहे का ते पाहावे. बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करावा. मिशांसाठी नाकपुड्यांशी टेकणारा नेझल पिलो मास्क मिळतो, त्याला मिशांची अडचण फारशी होत नाही. सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर हवा तोंडावाटे निसटते आहे, आणि नाक चोंदलेले असल्यास ते आधी दाखवावे. दुपारी टीव्ही पाहताना जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसण्याचा मला फार उपयोग झाला.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह प्रकारचा, म्हणजे घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा असावा. वीज सर्वांत जास्त ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) खातो, त्यामुळे बॅटरीवर तो बंद ठेवावा. आणि वडिलांना तूर्त दुचाकी देऊ नये.

मूळ धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. मशीनमध्ये खरोखरच ४ ते २० लावलेले होते. डॉक्टरांना दूरध्वनी केला, त्यांनी ८ ते १४ करवून घेतले आणि पिलो मास्कला होकार दिला. सकाळी तोंड कोरडे पडते का, असे विचारल्यावर वडील म्हणाले, "नाही", आणि आई म्हणाली, "उठल्या उठल्या तांब्याभर पाणी पितात." म्हणून नाकाची तपासणीही ठरवली आहे. काल रात्रीचा वापर ५ तास २० मिनिटे झाला. पहाटे साडेतीनला वीज गेली नसती तर कदाचित आणखी झाला असता. गाडीची चावी आईने स्वतःकडे ठेवली आहे, त्यावरून घरात अबोला आहे. विटा किंवा सांगलीत प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर कोणी रात्रभर सीपॅप चालवत असल्यास बॅटरी किती क्षमतेची घेतली, तेवढे सांगावे.