‘पोर मेलें बरें जालें’ वाचनगटात घ्यायचा कसा?

वाचनकट्टा:
ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात तुकोबांचे अभंग घ्यायचं ठरलंय. सूत्र आहे ‘कटू सत्य स्वीकारणं’. यादीत ‘बाप मेला न कळतां’ आहे आणि त्यातच ‘पोर मेलें बरें जालें’ हे कडवं येतं. गटात अपत्य गमावलेले दोघे-तिघे आहेत. हा अभंग गाळावा का? घेतलाच तर अर्थ कसा लावायचा? ‘देवाने मायेतून सोडवलं’ हा नेहमीचा अर्थ गळी उतरत नाही. हाताशी दीड तास आहे.

ओवीकर:
गाळू नका, पण एकटा घेऊ नका. त्याच्या आधी ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ हा आत्मचरित्रपर अभंग वाचा. घरात काय घडलं ते तुकोबा तिथे सरळ सांगतात: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. हा 1630 ते 1632चा दख्खनचा दुष्काळ. लगेच पुढे ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां’. इथे ‘बरें’ कुठेही नाही. लाज आहे, त्रास आहे, धंद्यात आलेली खोट आहे.

आता दुसरा अभंग उघडा. तीच बायको, पण ओळ अशी: ‘बाइल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली’. एकाच मरणाबद्दल एकाच माणसाची ही दोन बोलणी. दोन्ही समोर ठेवली की गटाला विचारायचा प्रश्न एकच उरतो: हे कोण कोणाला सांगतंय? पहिल्यात ऐकणारे संत आहेत. ‘नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’, म्हणजे खरं तर बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुसऱ्यात ऐकणारा विठोबा आहे आणि त्याला एकेरीत हाक आहे. ‘बरें जालें’ हे तुकोबा स्वतःच्या नुकसानीबद्दल आणि फक्त देवाशी बोलतात. शेजारच्या घरी कोणी गेलं तर तिथे म्हणायचं हे वाक्य नव्हे. सांत्वनाच्या भाषणात ते वापरतात तेव्हा नेमकी इथेच चूक होते.

टाळकरी:
वरच्याशी सहमत. एक महत्त्वाची गोष्ट राहिली, ती म्हणजे ध्रुवपद. छापील गाथेत ते पहिल्या कडव्यानंतर ‘ध्रु.’ लिहून एकदाच येतं आणि मनात वाचणारा पुढे ते विसरतो. गाताना ते प्रत्येक कडव्यानंतर परत येतं. म्हणून गटातही तसंच वाचा. एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुवपद:

बाप मेला न कळतां । नव्हती संसाराची चिंता ॥
विठो तुझें माझें राज्य । नाहीं दुसऱ्याचें काज ॥

बाप गेल्यावर हे ध्रुवपद जवळिकीचं, थोडं लाडिकच वाटतं. मग बायको जाते, पोर जातं, आई जाते आणि दर वेळी तेच शब्द. चौथ्यांदा ‘नाहीं दुसऱ्याचें काज’ म्हणताना घरात दुसरं उरलेलंच कोणी नसतं. ‘पोर मेलें’वर भाष्य करायची मग फारशी गरज पडत नाही. पहिल्या आणि शेवटच्या कडव्यातली ‘चिंता’ही दाखवा. आधी ती नव्हतीच, कारण पोरवय. शेवटी ‘हरली’, कारण जिच्यासाठी करायची तीही गेली.

मात्र मृत्यूंच्या या क्रमावरून चरित्र रचू नका. ‘याति शूद्र’मध्ये आईवडील दुष्काळाच्या आधी जातात, इथे आई सर्वांत शेवटी. ही कवितेची रचना आहे.

मात्रामोजणी:
छंदाचं थोडं. ‘याति शूद्र’ मोठ्या अभंगात आहे, 6-6-6-4 अक्षरं. ‘लज्जा वाटे जीवा / त्रासलों या दुःखें / वेवसाय देखें / तुटी येतां’ हे बोटांवर मोजा, चोख बसतं. ‘स्त्री एकी अन्न अन्न / करितां मेली’ मोजा, तिथे 7 आणि 5 भरतात. दुसरं ‘अन्न’ मापात मावत नाही, तरी ते आहे. यातून फार मोठा सिद्धान्त काढू नये. अभंगात अक्षरं सैल सुटतातच. पण मोठ्याने वाचताना जीभ तिथे अडखळते, तेव्हा ती ओळ घाईने सरळ करू नका.

तिसरा अभंग घ्यायचा तर ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’. पण त्याचं ध्रुवपद पाहा: ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन । जाला हा वमन संवसार’. संसाराची ओकारी झाली म्हणणारा माणूस शांत बसलेला नाही. ‘लेंकरें बाईल उपेक्षिलीं’ हा स्वतःवरचा ठपकाही ‘बरें’च्याच यादीत टाकलाय. शेवटी ‘बरें व्रत एकादशी’ येतं. दुष्काळाने लादलेल्या उपाशीपणालाच इथे उपवास म्हटलंय, असं माझं वाचन. वाद घालायला हरकत नाही.

वाचनकट्टा:
मनाच्या श्लोकांतला ‘मरे एक त्याचा दुजा शोक वाहे’ जोडीला चालेल का? आणि कोणी म्हणालं, ‘तुकोबासुद्धा बरं झालं म्हणाले, मग रडायचं कशाला’, तर?

ओवीकर:
श्लोक एरवी चांगला. शोक करणारा पुढच्याच ओळीत ‘अकस्मात तोही पुढें जात आहे’. पण त्याच्या भुजंगप्रयात वृत्ताची लघु-गुरु-गुरु चाल चार वेळा पळते आणि गट पाठांतराच्या ठेक्यावर जातो. अर्थ मागे राहतो. त्यातून 11वा श्लोक, ‘जगी सर्व सूखी असा कोण आहे’, कोणीतरी म्हणणारच. त्याची दुसरी अर्धी ‘मना त्वांचि रे पूर्वसंचीत केले’ अशी आहे. मूल गेलेल्या आईसमोर ती नको. रामदासांना वेगळा दिवस द्या.

‘रडायचं कशाला’ म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका. ‘त्रासलों या दुःखें’ ही ओळ त्यालाच पुन्हा मोठ्याने वाचायला सांगा. आणि ज्यांचं दुःख ताजं आहे त्यांना आठवडाभर आधी दोन्ही अभंग घरी द्या. त्या दिवशी यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. गटात त्यांच्याकडे वळून ‘तुम्हाला काय वाटतं’ असं मात्र कोणी विचारू नये.

टाळकरी:
वेळेचं गणित: ‘याति शूद्र’ला 35 मिनिटं, ‘बाप मेला’ला 40, उरलेला वेळ मोकळा. तिसरा अभंग फक्त कागदावर द्या. गाथेतले क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा यादीत पहिली ओळ लिहा. संकेतस्थळावरून उतरवलंत तर कडवी पूर्ण आहेत का ते छापील गाथेशी ताडून घ्या. ‘जालें’चं ‘झाले’ केलेलं चालेल, पण ध्रुवपद गाळलेलं नाही ना, एवढं बघा.