अंदमानात रस्ता आणि खाडीपुलाचं टेंडर भरायचं आहे, दर कसा काढावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही कराड भागातले. थोरले बंधू आणि मी मिळून बांधकाम खात्याची आणि जिल्हा परिषदेची कामं करतो. डांबरी रस्ते, मोऱ्या, ओढ्यावरचे दोन-तीन गाळ्यांचे पूल. इकडे आता प्रत्येक टेंडर अंदाजपत्रकाच्या अठरा-वीस टक्के बिलो, म्हणजे कमी दराने जातंय. हाताखाली माणसं आहेत, दोन पोकलेन आहेत, पण वर्षाअखेरी हातात काही राहत नाही.

अंदमानच्या बाहेरच्या एका बेटावरचं टेंडर पाहण्यात आलं. सात-आठ किलोमीटर रस्ता, चार मोऱ्या आणि खाडीवर तीन गाळ्यांचा पूल. मुदत पंधरा महिने. याआधी एकदा निघालं होतं, प्रतिसाद नव्हता म्हणून पुन्हा काढलंय. बंधूंचं म्हणणं, इथल्या दरावर तीस टक्के चढवू, बोटभाडं सुटलं की काम झालं. माझं मन घेत नाही. समुद्र आम्ही गणपतीपुळ्याला पाहिला तेवढाच. तिकडे प्रत्यक्ष काम केलेलं कोणी आहे का? काय काय धरावं लागतं?

जेटीवरचा

मी रत्नागिरीकडे बार्ज, म्हणजे माल नेणाऱ्या सपाट बोटी, चालवणाऱ्यांबरोबर काम करतो, अंदमान पाहिलेलं नाही. एवढंच सांगतो: पोकलेन बार्जवर चढवता येते, पण उतरवायला समोर रॅम्प लागतो. त्या बेटावर रॅम्प आहे का आणि ओहोटीला तिथे पाणी किती राहतं, हे आधी विचारा. माझ्या मते तीस टक्के पुरेत, पण जाणकार सांगतीलच.

एमबी लिहिणारा

कृष्णाकाठ, तीस टक्के पुरणार नाहीत. चाळीस की साठ, असंही मी सांगणार नाही, कारण टक्का चढवून तिथला दर निघतच नाही. मी बरीच वर्षं अंदमानात ठेकेदारांकडे बिलिंग इंजिनियर होतो, एमबी म्हणजे झालेल्या कामाची मोजमापवही लिहायचो. आधी दक्षिण अंदमान, मग उत्तरेकडचं मायाबंदर, शेवटी निकोबारची बाजू. अर्धवट टाकलेली कामं मी पाहिली आहेत. लोक जीव तोडून वाट बघत असतात आणि पुलाचे दोन खांब गंजत उभे असतात. म्हणून सविस्तर लिहितो.

दराआधी कॅलेंडर घ्या. बेटांवर दोन्ही पाऊस पडतात. मेच्या मध्यापासून नैऋत्येचा, तो सरतो न सरतो तोच ईशान्येचा, थेट डिसेंबरपर्यंत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मातीकाम, डांबर आणि पायाखोदाईचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल. तुमच्या पंधरा महिन्यांत कार्यारंभ आदेश जूनमध्ये निघो की फेब्रुवारीत, पुरा हंगाम तुम्हाला एकच मिळतो. फेब्रुवारीत निघाला तर माल पोचेपर्यंत पहिला उन्हाळा संपलेला असतो. त्या एका हंगामात खाडीतले पाये वर आले नाहीत तर पुढचं सगळं वर्षभर ढकललं जातं आणि माणसांचा पगार, यंत्रांचं भाडं, बँक गॅरंटीचं कमिशन चालूच राहतं. हा खर्च दरात कुठे धरलाय, हे बंधूंना विचारा.

आता माल. तो चेन्नई, कोलकाता नाहीतर विशाखापट्टणमहून निघतो. तिन्हीकडून समुद्र बाराशे किलोमीटरच्या आसपास. उतरतो श्री विजयपुरमला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला. बाहेरच्या बेटासाठी तिथून पुन्हा लहान जहाज किंवा बार्ज. सिमेंटची एक गोणी किती वेळा उचलली जाते ते कागदावर मांडा: चेन्नईचं गोदाम, गोदी, जहाज, पोर्ट ब्लेअरची गोदी, तिथलं गोदाम, बार्ज, बेटाची जेटी, साइट. प्रत्येक टप्प्याला हमाली, फाटलेल्या गोण्या, गोदामभाडं, विमा. आणि सिमेंट तीन महिन्यांवर जुनं झालं की वापरण्याआधी पुन्हा तपासावं लागतं. हवामान बिघडून बार्ज अडकली तर तेही घडतं. डांबर टँकरने येणार नाही, पिंपांतून येईल. पिंपं फोडून बॉयलरमध्ये वितळवायला माणसं आणि सरपण वेगळं.

वाळूबद्दल नीट ऐका. किनाऱ्यावर पांढरीशुभ्र वाळू पसरलेली दिसेल, ती आपली नाही. सर्वोच्च न्यायालयाने बेटांच्या जंगलांसाठी नेमलेल्या शेखर सिंह आयोगाच्या अहवालानंतर न्यायालयानेच मे २००२मध्ये किनाऱ्यावरचा वाळूउपसा टप्प्याटप्प्याने कमी करायला लावला. मला तो आदेश मनापासून पटतो. किनारा उपसला की समुद्र आत येतो आणि आपणच बांधलेला रस्ता खातो. शिवाय त्या वाळूतला क्लोराइड सळईला लागतो. म्हणजे दगड फोडून केलेली क्रश सँड नाहीतर मुख्य भूमीवरची नदीवाळू. खडीचं तसंच. अंदाजपत्रकात खडीची लीड, म्हणजे वाहतुकीचं अंतर, कुठल्या खाणीपासून धरली आहे ते शोधा आणि ती खाण आज चालू आहे का ते स्वतः जाऊन बघा. ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन जंगल आहे. भरावाला मुरूम कुठून काढायचा यालाही परवानगी लागते. खाडीकाठच्या खारफुटीला परवानगीवाचून हात लावता येत नाही आणि लावूही नये.

पैशांची गाठ कुठे बसते ते सांगतो. अटी बहुतेक सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्रीय बांधकाम खात्याच्या, साच्यातल्या असतात. त्यात आणलेल्या मालावर सुरक्षित आगाऊ रक्कम मिळते, पण साइटवर आलेल्या मालावर. समुद्रात असलेल्या मालावर नाही, गोदीत पडलेल्या मालावरही नाही. आपल्याकडे आठवड्याची सळई उचलायची, बिल निघालं की पुढची, असं चालतं. तिथे हंगामाआधी सगळ्या हंगामाचा माल पोचवावा लागतो. म्हणजे पहिलं रनिंग बिल, झालेल्या कामापुरतं हप्त्याचं बिल, निघायच्या आधीच खिशातून मोठी रक्कम गेलेली असते. चांगले ठेकेदार तिथे तोट्यात जाण्याआधी रोखीअभावी थांबतात. हे मी एमबी लिहिताना जवळून पाहिलं.

खाडीतलं काम भरती-ओहोटीवर चालतं. भांगाच्या दिवसांत पाण्याचा चढउतार कमी असतो, कॉफरडॅम, म्हणजे पायाभोवतीचा तात्पुरता बांध, उपसून काम उरकता येतं. उधाणाला तेच पाणी आत येतं. पंचांग पाहून काँक्रीट टाकायचं, हे तिथे गंभीरपणे पाळतात. मजुरांना तशी मजुरी द्यायची तयारी ठेवा, कारण काम रात्री दोनला असू शकतं. तिकडे रांचीकडची, बंगालची, तेलुगू माणसं भेटतील, कष्टाळू आणि पाण्याला सरावलेली. कराडहून सगळी टोळी नेण्यापेक्षा तुमचे गवंडी-मिस्त्री न्या, बाकी तिथली घ्या. काम आदिवासी राखीव क्षेत्राला लागून असेल तर प्रत्येक माणसाचा पास आणि वागणुकीचे नियम काटेकोर पाळा. अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या जंगलातून गेला, त्याची किंमत त्या लोकांनी काय मोजली हे तिथे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

शेवटची गोष्ट भूकंपाची. सगळी बेटं भूकंपाच्या अतिधोक्याच्या पट्ट्यात. मायाबंदरजवळ ऑस्टिन सामुद्रधुनीवर चेंगप्पा पूल आहे, २००२मध्ये सुरू झालेला. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात त्याचा डेक, म्हणजे वरचा रस्त्याचा भाग, खांबांवरच्या बेअरिंगवरून बाजूला सरकला. खांब उभे, वरचं ओझं जागेवरून हललेलं. डेकला बाजूने अडवणारं काही पुरेसं नव्हतं. म्हणून तुमच्या टेंडरच्या नकाशात पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, डेकला बाजूने अडवणारे सेस्मिक स्टॉपर दाखवलेत का ते बघा. नसतील तर टेंडर भरण्याआधीच्या पूर्वबैठकीत लेखी विचारा. तो आयटम वाचवून कोणाचंच भलं होत नाही.

कॅम्पबेलकर

एमबीसाहेबांच्या बोलण्यात भर घालतो, कारण मी ठेकेदार नाही, तिथल्या रस्त्यावर चालणारा आहे. माझे आजोबा फौजेतून निवृत्त होऊन ग्रेट निकोबारला, अगदी दक्षिणेकडच्या बेटावर आले. १९६९पासून सरकारने माजी सैनिकांची तीनशेवर कुटुंबं तिथे वसवली. पंजाबी, मराठी, तमिळ, मल्याळी, तेलुगू. पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल बेपासून दक्षिणेकडे गावं आहेत, गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर. त्यांना ओवणारा एकच रस्ता, सीमा सडक संघटनेने बांधलेला, बेटाच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटकडे जाणारा. घरात आम्ही अजून मराठी बोलतो, गावात हिंदी.

त्सुनामीत तो रस्ता ठिकठिकाणी तुटला, गॅलथिया नदीवरचा पूल गेला. पण लाट ओसरल्यावर पाणी मागे गेलंच नाही, हे बाहेरच्यांना समजत नाही. बेटच खाली बसलं. इंदिरा पॉइंटला सुमारे सव्वाचार मीटर. तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. जिथे आजोबांच्या नारळाच्या ओळी होत्या तिथे समुद्र आहे. उत्तर अंदमानात उलट झालं, जमीन वर आली आणि प्रवाळ उघडे पडले.

म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या नकाशावर जी लेव्हल लिहिली आहे ती कुठल्या सालच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून घेतली, हे नक्की विचारा. बेंचमार्कचा दगडच जमिनीबरोबर खाली किंवा वर गेलेला असू शकतो. जुन्या लेव्हलवर मोरी बसवली तर भरतीला समुद्राचं पाणी मोरीतून उलटं आत, वाडीत शिरतं. आमच्याकडच्या विहिरी मचूळ झाल्या तर दुसरं पाणी कुठून आणणार?

आणि एक विनंती. घ्याल तर पुरं करा. रस्ता तुटलेला होता त्या काळात दुखणेकऱ्याला बोटीने न्यावं लागायचं, आणि बोट समुद्राच्या मर्जीने निघते.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. हे सगळं बंधूंना वाचून दाखवलं. बेंचमार्कचं ऐकल्यावर ते गप्प बसले, मग म्हणाले, आधी जाऊन जागा बघू. दोन गोष्टी विचारतो. भाववाढीचं कलम असताना सळई-सिमेंटच्या चढत्या दराची काळजी करायची का? आणि जहाज उशिरा आलं म्हणून मुदतवाढ देतात का, की दंड लावतात?

एमबी लिहिणारा

भाववाढीचं कलम तुमच्या टेंडरला लागू आहे का, हे मुदतीवर ठरतं. ठरावीक महिन्यांपेक्षा लहान कामाला ते नसतं. त्या टेंडरची परिशिष्टं उघडून ते कलम ‘लागू’ आहे की ‘लागू नाही’ असं लिहिलंय ते बघा. लागू असलं तरी ते निर्देशांकावर चालतं. चेन्नईतल्या सळईचा भाव निर्देशांकात येईल, बार्जवाल्याने ऐनवेळी वाढवलेलं भाडं येणार नाही. तेवढं तुमच्या अंगावर. बार्जशी हंगामाचा करार दर भरायच्या आधी तोंडी का होईना ठरवून ठेवा.

मुदतवाढ मिळते, पण नोंद असेल तर. साइटवर अडथळ्यांची नोंदवही असते. जहाज रद्द झालं, जेटीवरची क्रेन बंद पडली, वन विभागाने झाडतोड थांबवली, नकाशा उशिरा मिळाला, यातलं जे घडेल ते त्याच दिवशी लिहायचं, सुरुवात आणि शेवट तारखेसह, आणि कनिष्ठ अभियंत्याची सही घ्यायची. जहाजाच्या रद्द सूचनेची प्रत चिकटवून ठेवायची. शिवाय कार्यकारी अभियंत्यांना पत्र वेगळं, मुदतीच्या आत. मी एका ठेकेदाराचं काम असं पाहिलं की कारणं सगळी खरी होती, साऱ्या बेटाला माहीत होती, पण वही कोरी. दंड कापला गेला आणि लवादासमोर दाखवायला काही नव्हतं. तिथले अभियंते वाईट नसतात, बदली होऊन जातात. नव्या माणसाला तुमचा पावसाळा दिसलेला नसतो, त्याला वही दिसते.

एक्स्ट्रा आयटमवर डोळा ठेवून दर कमी भरू नका. आपल्याकडे ही सवय लागली आहे. तिथे वाढीव कामाचा माल पुन्हा मुख्य भूमीवरूनच आणावा लागतो, म्हणून वाढीव काम हे बहुतेक वेळा वाढीव तोटा ठरतं.

जागा बघायला जाणार हे उत्तम केलंत. जाताना पोर्ट ब्लेअरला थांबून विमानाने परतायची घाई करू नका. ज्या जहाजाने तुमचं सिमेंट जाणार, जमलं तर त्याच मार्गाने त्या बेटावर जा. उधाणाच्या दिवशी पुलाच्या जागेवर भरतीला आणि ओहोटीला दोन्ही वेळा उभे राहा, पाण्याच्या खुणांचे फोटो घ्या. जवळच्या एखाद्या जुन्या मोरीच्या तळाला टेप लावा. पोकलेनचे होज, सील, फिल्टर, बेअरिंग यांची यादी तिथल्या मेकॅनिकला विचारून करा, कारण बाहेरच्या बेटावर सुटा भाग पुढच्या जहाजानेच येतो. आणि पूर्वबैठकीत हे लेखी द्या: बेंचमार्कचं साल, खडीच्या खाणीचं नाव, बेटावरच्या जेटीची वजनक्षमता, वन आणि किनारा नियमनाच्या परवानग्या कुणी आणायच्या, सेस्मिक स्टॉपर, आणि आदेश पावसाळ्यात निघाला तर मुदत कधीपासून मोजणार. उत्तरं लेखी घ्या, ती कराराचा भाग होतात. शेवटच्या प्रश्नाला ‘आदेशाच्या तारखेपासून’ असंच उत्तर आलं, तर सबंध पावसाळ्याचा बसून खर्च दरात धरा, आणि तो धरून दर फारच वर जातोय असं वाटलं तरी एक पैसा कमी करू नका.