मारुती ८००: सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

घाटवाट: १९९८ची कार्ब्युरेटरवाली ८०० आहे. पंधरा दिवस पावसात उघड्यावर उभी होती. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन एकदाही फट करत नाही. बॅटरी चांगली, टाकीत ८ लिटर पेट्रोल. चोक ओढून पाच-सहा वेळा सेल्फ मारला. कुठून सुरुवात करू?

पाना_१०_१२: आधी सेल्फ मारणं थांबवा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती द्या. आता एक प्लग काढा. टोक कोरडं असेल तर पेट्रोल येत नाहीये. ओलं असून वास मारत असेल तर करंट, म्हणजे प्लगवर ठिणगी येते का, बघा. काढलेला प्लग वायरीला लावून त्याची चुडी (आट्यांचा धातूचा भाग) इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हातात धरू नका, रबरी मुठीचा पक्कड घ्या. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक ठिणगी कॉम्प्रेशनमध्ये टिकत नाही.

सेल्फस्टार्टर: त्याआधी डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) कॅप काढून सेल्फ मारताना आतला फिरता तुकडा, म्हणजे रोटर, फिरतो का पाहा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोल पंप दोन्ही कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चालतात. त्याला फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला असेल तर करंट आणि पेट्रोल दोन्ही एकदम बंद! तेव्हा सेल्फचा आवाजही चढउतार न होता एकसारखा पळतो. रोटर थांबलेला दिसला तर पुन्हा सेल्फ मारू नका.

घाटवाट: रोटर फिरतोय. तिन्ही प्लग ओले. प्लगवर ठिणगी नाही. कॉइलची (करंटचा दाब वाढवणारा भाग) मधली वायर इंजिनच्या ब्लॉकपासून ५ मिमीवर धरली तर मात्र झकास निळी ठिणगी येते.

पाना_१०_१२: म्हणजे कॉइल आणि तिला चालू-बंद करणारा इग्नायटर ठीक. करंट कॅप, रोटर किंवा वायरींत अडतोय, आणि पावसाळ्यात माझा पहिला संशय कॅपवरच. आतून उजेडात तिरकी धरून बघा: दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसेल. तो कार्बन आहे. ओल आली की करंट प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळतो. नुसता दमटपणा असेल तर कोरड्या फडक्याने पुसून भागेल, पण रेघ पडलेली कॅप घासून टिकत नाही, बदलाच. मधला कार्बनचा गोल दांडा स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का तेही पाहा. कॅपसोबत रोटर नवा घ्या. वायरी काढताना क्रम लिहून ठेवा, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२.

सेल्फस्टार्टर: ओले प्लग तसेच बसवू नका. ब्रशने साफ करून वाळवा. कॉइलची वायर ब्लॉकला पक्की टेकवून, प्लग बाहेर असतानाच ४-५ सेकंद सेल्फ फिरवा, साठलेलं पेट्रोल उडून जाईल. तेव्हा जवळ विडी-काडी नको. मग सगळं जोडून चोक न ओढता, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. पंपिंग अजिबात नाही, प्रत्येक झटक्याला कार्ब्युरेटर आणखी पेट्रोल फवारतो.