प्रतिसाद: मार्जिन भरपूर, तरी व्याज का लागतं?

प्रश्न असा की, 'उपलब्ध मार्जिन' (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची अनामत) २ लाख ८० हजार दिसत असताना फ्युचर्सच्या (पुढच्या तारखेच्या खरेदी-विक्रीचा करार) पोझिशनवर, म्हणजे चालू सौद्यावर, व्याज का कापलं. कारण त्या आकड्यात दोन वेगळे पैसे एकत्र केलेले असतात.

तुमचे ३ लाखांचे शेअर तारण आहेत. २० टक्के हेअरकट (तारणाच्या किमतीतून सुरक्षेसाठी वजा होणारा भाग) गेला की २ लाख ४० हजार कोलॅटरल, म्हणजे तारणावर मिळालेलं मार्जिन. रोख फक्त ४० हजार. पोझिशनला २ लाख मार्जिन लागत असेल, तर एक्स्चेंजच्या नियमाप्रमाणे रात्रभर ठेवलेल्या पोझिशनसाठी त्यातलं निम्मं, म्हणजे १ लाख, रोख किंवा रोखसमान (रोखीसारखंच धरलं जाणारं तारण) हवं. तूट ६० हजारांची. ब्रोकर ती स्वतःच्या पैशातून भरतो आणि रोज ०.०३५ टक्के दर धरला तर २१ रुपये लावतो, शनिवार-रविवार धरून.

खरी गोची पुढे आहे. फ्युचर्समध्ये १५ हजारांचा एमटीएम (मार्क-टू-मार्केट, रोजच्या बंद भावाने मोजलेला) तोटा झाला की तो रोखीतूनच वळता होतो, कोलॅटरल तिथे चालत नाही. रोख २५ हजारांवर येते, तूट ७५ हजारांवर जाते. म्हणून ४० हजार 'रोख' दिसले तरी ते बँकेत काढता येतील असं समजू नका; 'विड्रॉवेबल बॅलन्स' (काढता येणारी रक्कम) वेगळा बघा.

उपाय: लिक्विड फंड (अल्पमुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) तारण ठेवा, तो रोखसमान धरतात. हेअरकट १० टक्के असेल तर ६० हजारांसाठी साधारण ६७ हजारांची युनिट्स लागतील. एमटीएमसाठी मात्र लेजरमध्ये (ब्रोकरकडच्या तुमच्या खात्यात) वेगळी रोख ठेवाच.