सुरक्षेचा ठराव मंजूर आहे, पण तो पाळला जात नाही; काय करावे?

प्रश्न (संडे स्कूल शिक्षिका, नागपूर)

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीने गेल्या वर्षी मुलांच्या सुरक्षेचा ठराव एकमताने मंजूर केला. कोणतीही मोठी व्यक्ती मुलांसोबत खोलीत एकटी थांबणार नाही, वर्ग चालू असताना दार उघडे राहील, मूल कोणाच्या हाती सोपवले याची रजिस्टरमध्ये सही होईल आणि पोलीस चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय नव्या स्वयंसेवकाला वर्ग मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मागच्या रविवारी मी रजिस्टर उघडले, तेव्हा सलग पाच रविवारच्या सह्या एकाच पेनने, एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या. शिवाय मंडळीचे एक ज्येष्ठ वडील (एल्डर) उपासनेनंतर गायनाच्या सरावासाठी मुलांना मागच्या खोलीत एकटेच घेऊन बसतात आणि कूलर लावला आहे म्हणून दार बंद ठेवतात. त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही, मलाही कसला संशय नाही. पाळकसाहेब म्हणतात, "इतक्या मोठ्या माणसाला कसे सांगायचे?"

उत्तर (पास्टरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, माजी सदस्य)

ताई, सह्यांची बाब मला दाराइतकीच गंभीर वाटते, कारण तशी सही मी स्वतः केलेली आहे. आमच्या चर्चमधील आग विझवण्याच्या सिलिंडरांची दरमहा पाहणी माझ्याकडे होती आणि काही महिने मी न पाहताच सही करत गेलो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, बाक खचाखच भरलेले असताना, मेणबत्त्यांपासून चार हातांवरच्या सिलिंडरचा दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला मला दिसला. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी (आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो. तो आमच्या फाइलमध्ये होता, आणि त्याच्याच भरवशावर मी सिलिंडरकडे वळून पाहिले नव्हते.

वडिलांशी पाळकसाहेबांनीच, एकांतात आणि याच आठवड्यात बोलावे. कूलरला हवा खेळती राहण्यासाठी दार उघडेच लागते, हे नागपूरकराला सांगावे लागू नये. ते कारण मान्य करू नका.

उत्तर (वकील)

आज तुमच्यापुढे आहे तो नियमभंग आहे, तो कमिटीत सोडवता येईल. मात्र उद्या एखाद्या मुलाने काही सांगितले, तर तो विषय कमिटीचा राहत नाही. पॉक्सो (मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यासाठी पाळकांची किंवा कमिटीची परवानगी लागत नाही. कलम २१ नुसार माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. आधी आपसात चौकशी करू, असे म्हणून मुलाला चार जणांनी पुन्हा पुन्हा विचारणे मात्र कटाक्षाने टाळा. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक वर्गाच्या दारावर लावा.

प्रश्नकर्तीकडून

पाळकसाहेब स्वतः बोलले. वडिलांना वाईट वाटले, दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. पण या रविवारी सराव मुख्य सभागृहात झाला आणि एका मुलाची आई शेवटच्या बाकावर बसून होती. रजिस्टर आता दर महिन्याच्या बैठकीत उघडले जाईल. दोन स्वयंसेवकांची पडताळणी अजून बाकी आहे, म्हणून त्यांचे वर्ग सध्या मीच घेत आहे.